श्रीवासुदेवानंद सरस्वती (टेंबे) स्वामी महाराज : अंतःप्रेरणा आणि आज्ञापालन

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेले श्रीक्षेत्र नृसिंहवाडी आपल्या मंडळाच्या बहुतेक कुटुंबांस परके नाही. लग्नकार्यानंतर नवदांपत्याने वाडीस जाऊन पादुकांवर मस्तक ठेवावे, मुंज झालेल्या बटूस औदुंबराखाली बसवावे, पौर्णिमेस वारी करावी, ही चाल आपल्यापैकी अनेक घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. तेथे म्हटली जाणारी करुणात्रिपदीही आपल्यापैकी कित्येकांस मुखोद्गत आहे. परंतु ती कोणी रचली, तो पुरुष कोण, कोणत्या वाटेने तो त्या घाटावर आला, हे विचारले असता पुष्कळजण गप्प राहतात. गीत घरोघरी पोहोचले आणि गीतकर्ता मागे राहिला. त्या पुरुषाचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेत थोडक्यात सांगावे असा आमचा मानस आहे.

हे चरित्र निवडण्यास एक निमित्त घडले. मंडळाच्या विद्यार्थी-सत्कार समारंभात परीक्षेत उत्तम गुण मिळविलेल्या एका मुलाने, आम्ही जुने मास्तर म्हणून, आम्हांस बाजूस घेऊन एक प्रश्न केला. गुण मिळाले, पुढचा मार्ग घरच्यांनी ठरविला, परंतु आपण कशासाठी जन्मास आलो हे माणसास कसे कळावे, असे त्याचे विचारणे होते. आम्ही सारी हयात मुलांच्या प्रश्नांची उत्तरे देण्यात घालविली, पण त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विषय बदलला. ती गोष्ट मनास टोचत राहिली. आम्ही काही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले, खेड्यातील शाळेत शिकवून सेवानिवृत्त झालेले शिक्षक. तथापि ज्या थोर पुरुषाने हाच प्रश्न आयुष्यभर आपल्या अंतर्यामी विचारला आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे पाऊल टाकले, त्याचे चरित्र सांगणे हेच आमच्या परीने त्या मुलास दिलेले उत्तर समजावे.

स्वामी महाराजांचा जन्म श्रावण वद्य पंचमी, शके १७७६, म्हणजे १३ ऑगस्ट १८५४ रोजी माणगाव येथे झाला. हे गाव त्या काळी सावंतवाडी संस्थानात होते. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यात येते. वडील गणेशभट्ट टेंबे आणि आई रमाबाई. गणेशभट्ट हे निस्सीम दत्तभक्त असून त्यांचा पुष्कळ काळ गाणगापुरी सेवेत गेला. घरची स्थिती गरिबीची होती. बाळ वासुदेवाचे लालनपालन आणि आरंभीचे अध्ययन आजोबा हरिभट्ट यांच्या देखरेखीखाली झाले. आठव्या वर्षी मुंज झाली आणि त्या दिवसापासून संध्या, गायत्री व वेदपठण यांत खंड पडला नाही. पुढे वेदाध्ययन, संस्कृत आणि ज्योतिष यांत त्यांनी एवढी गती मिळविली की लहान वयातच लोक त्यांस वासुदेवशास्त्री म्हणू लागले.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पुढे ज्या अंतःप्रेरणेकरिता हा पुरुष प्रसिद्धीस आला, तिची वाट पाहत तो रिकामा बसला नव्हता. पहाटे उठणे, स्नान, संध्या, जप, अध्ययन, सत्य बोलणे, मिळेल त्यात निर्वाह करणे, हा त्यांचा नित्यक्रम होता. गायत्रीचे पुरश्चरण त्यांनी कोवळ्या वयात केले. शेतकरी प्रथम जमीन नांगरून ठेवतो आणि मग आभाळाकडे पाहतो; नांगरट न करता पावसाची वाट पाहणाऱ्यास पाऊस पडूनही काय उपयोग ? वासुदेवशास्त्र्यांच्या आयुष्यातील पहिली वीस-बावीस वर्षे ही अशी नांगरटीची होती.

वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. पत्नीचे नाव अन्नपूर्णाबाई. थोड्याच काळात, १८७७ साली, पित्याचे छत्र हरपले. भिक्षुकी, अध्यापन आणि पंचांग यांवर संसार चालू होता. परंतु अंतःकरणात एक तळमळ होती आणि ती त्यांस वाडीकडे ओढीत होती. तळकोकणातून सह्याद्रीचा घाट चढून कृष्णाकाठी येणे त्या काळी सोपे नव्हते. जवळ पैसा नाही, वाहन नाही. अशा स्थितीत ऐन तारुण्यात त्यांनी पायी वाडी गाठली.

वाडीचे माहात्म्य आपण सर्वजण जाणता. श्रीनृसिंह सरस्वतींनी येथे औदुंबरातळी बारा वर्षे वास्तव्य केले आणि गाणगापुरास जाताना आपल्या पादुका मागे ठेवल्या, अशी श्रद्धा आहे. मनोहर पादुका त्या ह्याच. वासुदेवशास्त्री तेथे आले तेव्हा गोविंदस्वामी नावाचे अधिकारी संन्यासी तेथे राहत होते. ह्या तरुण शास्त्र्याची योग्यता त्यांनी ओळखली. परंपरा असे सांगते की, शास्त्रीबोवांस स्वप्नात मंत्रोपदेश झाला आणि त्या उपदेशास गोविंदस्वामींच्या मुखातून पुष्टी मिळाली. उपासना, ध्यान आणि योगाभ्यास यांची दिशा त्यांस येथेच लाभली. संगमावर पहाटे स्नान करावे, पादुकांसमोर बसावे, मन एकाग्र करावे, आणि जे स्फुरेल ते गुरूंच्या चरणी ठेवून मगच स्वीकारावे, अशी ही शिस्त होती.

आम्हांस ह्या प्रसंगाचे फार महत्त्व वाटते. स्वप्न तर सर्वांनाच पडते. आपल्या मनात उठलेली प्रत्येक लहर ही देवाची आज्ञा, असे समजणारे लोकही कमी नाहीत, आणि त्यांच्यापायी संसाराची धूळधाण झालेली घरेही आम्ही पाहिली आहेत. वासुदेवशास्त्र्यांस मिळालेल्या प्रेरणेस मात्र गुरुमुखाची पुष्टी होती, आणि पुढेही त्यांचे प्रत्येक आचरण शास्त्राच्या मर्यादेत राहिले. आतील आवाज खरा की आपलीच हौस आवाज काढून बोलते, हे पाहण्याची ही पहिली कसोटी होय.

वाडीहून ते माणगावास परतले. येताना कागल येथील कारागिराकडून घडविलेली श्रीदत्तांची लहान मूर्ती त्यांनी बरोबर आणली, आणि १८८३ साली, वैशाख शुद्ध पंचमीस, आपल्या गावी तिची स्थापना केली. देऊळ साधेच होते. परंतु तेथे जे सुरू झाले ते साधे नव्हते. गावोगावचे लोक आपली गाऱ्हाणी घेऊन माणगावास येऊ लागले. शास्त्रीबोवा पूजेस बसत, ध्यानात श्रींस विचारीत आणि जी आज्ञा होईल ती सांगत. औषध, व्रत, दान, प्रायश्चित्त, ज्यास जे योग्य ते सांगितले जाई. येणाऱ्यास अन्न मिळे. आलेले धान्य व द्रव्य तेथेच खर्ची पडे, उद्याकरिता साठा केला जात नसे. जवळजवळ सात वर्षे असे चालले. एका गरीब भिक्षुकाचे गाव क्षेत्र होऊन बसले.

आता विचार करा. वय पस्तिशीचे, कीर्ती चहूकडे पसरलेली, स्वतः उभे केलेले देवालय, सभोवती माणसांची रीघ. असे स्थान कोण सोडील ? आपण एखाद्या संस्थेचे कार्यवाहपद सोडताना किती कष्टी होतो ! परंतु श्रींची निघण्याची आज्ञा झाली आणि १८८९ साली वासुदेवशास्त्री पत्नीस व त्या मूर्तीस घेऊन माणगावाबाहेर पडले. कोठे जावयाचे याचा बेत त्यांनी केला नव्हता. पुढचे पाऊल पुढच्या आज्ञेवर अवलंबून होते.

ही दुसरी कसोटी. मनाची हौस आपणांस नेहमी आवडीच्या ठिकाणीच नेते, मान असेल तेथे मुक्काम करावयास सांगते. खरी अंतःप्रेरणा पुष्कळदा आवडते ते सोडावयास सांगते. ज्या आवाजाने आजवर एकदाही आपल्या इच्छेस नकार दिला नाही, त्या आवाजाविषयी सुज्ञाने शंका घ्यावी.

माणगाव सोडल्यावर उभयता वाडीस आली, तेथून कोल्हापूर, पंढरपूर, बार्शी अशी तीर्थे करीत गोदावरीकाठी गंगाखेड येथे पोहोचली. संसाराचे सुख त्यांच्या वाट्यास फारसे आले नव्हते. झालेले अपत्यही जगले नाही. गंगाखेड येथे १८९१ च्या वैशाखात अन्नपूर्णाबाई पटकीच्या आजाराने निवर्तल्या. दरिद्री भिक्षुकाचा संसार, मग माणगावातील अहोरात्र अतिथिसेवा, मग अनवाणी भटकंती, या सर्वांत त्या साध्वीने तक्रारीचा शब्द काढल्याचे चरित्रात कोठे आढळत नाही. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना अशा स्त्रियांस दोन ओळी मिळतात. आम्हीही येथे दोनच लिहीत आहोत, परंतु हात जोडून लिहीत आहोत.

वासुदेवशास्त्र्यांच्या अंगी वैराग्य पूर्वीच बाणलेले होते. तरीही हात धरलेली पत्नी जिवंत असेपर्यंत त्यांनी गृहस्थाश्रम टाकला नाही. तिचे उत्तरकार्य यथाविधि पार पाडून, चौदाव्या दिवशी, गोदावरीच्या तीरी त्यांनी संन्यास घेतला. पुढे उज्जयिनीस पायी जाऊन श्रीनारायणानंद सरस्वती यांजकडून दंड ग्रहण केला आणि वासुदेवानंद सरस्वती हे नाव धारण केले. वय सदतीस वर्षांचे. जो प्रश्न माणगावच्या ओसरीत सुरू झाला होता, त्याचे पूर्ण उत्तर मिळण्यास इतकी वर्षे लागली. बारावीच्या निकालाबरोबर जन्माचे प्रयोजन कळलेच पाहिजे, अशी घाई आजच्या मुलांस व त्याहून अधिक त्यांच्या पालकांस झालेली असते, म्हणून हा आकडा मुद्दाम नमूद करीत आहोत.

यानंतरची तेवीस वर्षे म्हणजे अखंड पायपीट. दंड, कमंडलू, छाटी, बरोबर श्रींची मूर्ती व पोथ्या, एवढाच परिग्रह. वाहनात बसावयाचे नाही, पायांत काही घालावयाचे नाही, भिक्षा मिळेल ती एकवेळ घ्यावयाची. उत्तरेस हिमालयातील बदरीकेदारापासून दक्षिणेस तंजावरपर्यंत, पश्चिमेस द्वारकेपर्यंत ह्या पावलांनी भूमी मोजली. पहिला चातुर्मास १८९१ साली उज्जयिनीस आणि शेवटचा १९१३ साली नर्मदातीरी गरुडेश्वर येथे झाला. मधल्या काळात ब्रह्मावर्त, हरिद्वार, पवनी, हावेरी, कुरवपूर अशा कित्येक स्थळी त्यांनी पावसाळे काढले. संग्रहणीच्या जुनाट विकाराने शरीर पोखरले होते. तरी नित्यक्रमात ढिलाई नव्हती. कोठे जावयाचे, किती दिवस राहावयाचे, कोणास अनुग्रह द्यावयाचा, ह्या सर्व बाबी ध्यानात मिळणाऱ्या आज्ञेवर सोडलेल्या असत.

मग ह्या आज्ञेने त्यांच्या हातून काय घडविले ? दत्तसंप्रदायाची विस्कळित झालेली घडी त्यांनी बसविली. प्राचीन स्थानांचे माहात्म्य पुन्हा प्रकाशात आणले, उपासनेस शिस्त लावली. द्विसाहस्री गुरुचरित्र, दत्तपुराण, दत्तमाहात्म्य, सप्तशती गुरुचरित्रसार असे ग्रंथ आणि अगणित स्तोत्रे संस्कृतात व मराठीत रचली. सप्तशतीची रचना अशी आहे की, तिच्या सातशे ओव्यांतील तिसरे अक्षर क्रमाने घेत गेल्यास गीतेचा पंधरावा अध्याय तयार होतो. प्रेरणेने लिहिणे म्हणजे सैल लिहिणे, असे ज्यांस वाटते त्यांनी ही रचना पाहावी. आम्हां शिक्षकांस विशेष कौतुक वाटते ते शिक्षात्रयाचे. कुमार, युवा आणि वृद्ध अशा तिघांकरिता त्यांनी तीन निराळ्या शिक्षा लिहिल्या. प्रत्येक वयाचे कर्तव्य निराळे, म्हणून त्यास सांगावयाचेही निराळे, ही दृष्टी त्यात आहे.

ह्या प्रवासात वाडी सुटली नाही. स्वामी महाराज पुनःपुन्हा येथे येत. १९०५ साली येथेच करुणात्रिपदी रचली गेली. जो तरुण एके काळी धूळभरल्या पायांनी मार्ग विचारावयास ह्या घाटावर आला, त्याच्याच शब्दांनी आज हजारो लोक तेथे देवाची करुणा भाकतात.

तिसरी कसोटी आम्हांस त्यांच्या शिष्यवर्गात दिसते. स्वतः सर्वसंगपरित्याग केलेल्या ह्या संन्याशाने येणाऱ्या प्रत्येकास संन्यासाची दीक्षा दिली नाही. बहुतेकांस त्यांनी आपापल्या आश्रमातील कर्तव्य नीट करण्यास सांगितले. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुडुत्री गावचे वामनराव गुळवणी (१८८६–१९७४) हे त्यांचे कृपांकित. पुढे ते गुळवणी महाराज म्हणून सर्वत्र पूज्य झाले, परंतु अनेक वर्षे ते पुण्यात चित्रकलेचे शिक्षक म्हणून नोकरी करीत होते. खडू हाती धरून, वर्गात मुलांस रेषा शिकवून, त्यांनी साधना चालविली. नारेश्वरचे श्रीरंगावधूत, वाडीचे श्रीदीक्षित स्वामी, इंदूरचे श्रीनाना महाराज तराणेकर, प्रत्येकाची वाट निराळी. दिवा एकच, पण त्याने पेटविलेली प्रत्येक ज्योत आपापल्या घरात उजेड देते. आपल्यासारखेच सर्वांनी व्हावे असा आग्रह जो धरतो, त्याचे मार्गदर्शन संशयास्पद समजावे.

१९१३ साली स्वामी महाराज गरुडेश्वर येथे आले आणि तेथेच राहिले. देह थकला होता. ज्येष्ठ अमावास्या, शके १८३६, म्हणजे १९१४ च्या जून महिन्यात, श्रींच्या मूर्तीसमोर आसनस्थ होऊन त्यांनी देह ठेवला. तो देह नर्मदामातेच्या स्वाधीन करण्यात आला. वयाची साठ वर्षेही पुरी झाली नव्हती. मागे घर नाही, शेत नाही, पैसा नाही. राहिले ते ग्रंथ, स्तोत्रे आणि वाट दाखविलेली माणसे.

आता थोडे स्वतःविषयी लिहितो. वाचकांनी क्षमा करावी. आमच्या तरुणपणी आम्हीही एकदा घरात कोणास न सांगता वाडीस गेलो होतो. वडिलांनी ठरविलेली कारकुनी आम्हांस नको होती आणि काय हवे हे ठाऊक नव्हते. देव काही सांगेल ह्या आशेने तीन दिवस घाटावर डोळे मिटून बसलो. आवाज आला नाही. कानी येई ती घंटा आणि पोटातील भूक. तिसऱ्या दिवशी घाट झाडणाऱ्या एका वृद्ध सेवेकऱ्याने आम्हांस विचारले की, बसून राहिला आहात, तर दुसरा झाडू घेता का. आम्ही घेतला. सायंकाळपर्यंत पायऱ्या झाडल्या. बरे वाटले, आणि घरी परत आलो. पुढच्याच महिन्यात गावच्या शाळेतील मास्तर आजारी पडले, त्यांच्या जागी काही दिवस मुलांस सांभाळण्यास आम्हांस बोलाविले. त्या काही दिवसांची पुढे सारी नोकरी झाली. वाडीस आपणांस काही मिळाले नाही, असे आम्ही पुष्कळ वर्षे म्हणत होतो. आज वाटते की, मिळाले ते झाडूच्या रूपाने मिळाले, म्हणून ओळखू आले नाही.

पावसाळ्यात कृष्णा चढते तेव्हा वाडीचे देऊळ पाण्याखाली जाते हे आपण जाणता. पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेकडील दारातून बाहेर पडते, तो दक्षिणद्वाराचा सोहळा. पाणी गढूळ असते, पादुका दिसत नाहीत. पुजारी उत्सवमूर्ती उंचावर नेतात, पण पूजेचा नेम मोडीत नाहीत. पूर ओसरला की गाळ काढतात, आणि पादुका जागच्या जागी असतात. मनाचेही असेच आहे. इच्छा, भीती, लोक काय म्हणतील याची धास्ती, ह्यांचा पूर चढलेला असता आतील खूण दिसत नाही. म्हणून ती नाही असे नव्हे. नित्य थोडा वेळ शांत बसावे, नेम सोडू नये, गाळ काढीत जावे, आणि तोवर हाती आलेले काम चोख करावे. स्वामी महाराजांच्या चरित्रातून आमच्या अल्पमतीस एवढाच बोध होतो.

ज्या मुलाने आम्हांस प्रश्न विचारला त्याच्या हाती ही स्मरणिका पडेल अशी आशा आहे. बाळ, तुझ्या प्रश्नास त्या दिवशी आम्ही बगल दिली, ते चुकले. उत्तर आमच्यापाशी नाही, ते तुझ्यापाशीच आहे; ते ऐकू येण्यास वेळ लागतो आणि त्या वेळेचे भय बाळगू नये. पालकांसही हात जोडून विनंती की, मुलास मार्ग दाखवावा, परंतु त्याने घटकाभर थांबून आत कान लावला, तर त्यास आळशी म्हणू नये. गणेशभट्टांचा मुलगा सदतिसाव्या वर्षी मार्गास लागला, आणि त्याच्या मार्गाने आपण आजही वाडीस जात आहो.

आपल्या सर्व ज्ञातिबंधुभगिनींस श्रीगुरूंनी सद्बुद्धी व स्थैर्य द्यावे, हीच मनोहर पादुकांच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.